राजीनामा, रिक्षा आणि वाट चुकलेले काही शब्द

मागच्या दिवाळीत माझी भाची पूर्णेला आली होती. पुण्यात कॉलेज करता करता ती जपानी शिकते. हल्ली पुण्यात घरटी एक मूल जपानी नाहीतर जर्मन शिकतं, असं आमची ताई म्हणते. तर ही पोरगी पहाटेच्या गाडीनं पूर्णा जंक्शनवर उतरली. मी घ्यायला गेलो होतो. बाहेर आल्या आल्या तिनं हात केला आणि ओरडली, "रिक्षा!"

एकही माणूस जागचा हलला नाही. एक जण कानाला गुंडाळलेला रुमाल सोडत म्हणाला, "ॲटो पायजे का?"

आमच्याकडं रिक्षा म्हणत नाहीत. ॲटो म्हणतात. पूर्णा असो, परभणी असो की नांदेड असो, ॲटोच. तिला याचं फार हसू आलं. घरी येईपर्यंत ती मला सांगत होती, "मामा, रिक्षा हा जपानी शब्द आहे. मूळ शब्द 'जिनरिकिशा'. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद, शा म्हणजे गाडी. माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी."

मी म्हटलं, "मग यातला माणूस कुठं गेला?"

तसं पाहिलं तर प्रश्न गमतीतच विचारला होता, पण नंतर तो डोक्यातून जाईना. १८७० च्या आसपास टोकियोत ही माणसानं ओढायची गाडी सुरू झाली. तिथून ती चीनमध्ये, सिंगापुरात आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं आपल्या शिमल्यात आणि कलकत्त्यात आली. साहेबाच्या तोंडी 'जिन' गळून पडला आणि 'रिक्षा' उरली. म्हणजे शब्दातला माणूस आधी गेला, गाडी मात्र माणूसच ओढत राहिला. आपल्या माथेरानला तर परवापरवापर्यंत ओढत होता. हातानं ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. पुढं तीन चाकांना इंजिन लागलं आणि 'ऑटोरिक्षा' झाली. पुणे-मुंबईकरांनी त्यातला 'ऑटो' टाकला आणि रिक्षा ठेवली. आम्ही पूर्णेकरांनी रिक्षा टाकली आणि ॲटो ठेवला. आता 'ऑटो' हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ 'स्वतः'. म्हणजे जपानातून निघालेली गाडी पूर्णेच्या स्टेशनाबाहेर उभी राहिली तेव्हा तिच्या नावात जपानी असं काही उरलंच नव्हतं!

त्या चार दिवसांत आमच्या घरात जपानी शब्दांचा नुसता खेळ चालू होता. पेपर वाचता वाचता ती एकेक शब्द पकडायची. क्रिकेटच्या पानावर 'भारतीय फलंदाजांची हाराकिरी' असा मथळा होता. (हा मथळा मी लहानपणापासून वाचतोय. बेजबाबदार फटका मारून आऊट झाले की हाराकिरी.) ती म्हणाली, हारा म्हणजे पोट आणि किरी म्हणजे कापणं. सामुराई लोक मानासाठी स्वतःचं पोट चिरून मरण पत्करायचे, ते हे. आणि जपानी माणूस गंभीरपणे बोलताना त्याला हाराकिरी म्हणत नाही, 'सेप्पुकु' म्हणतो. लिहायची अक्षरं तीच दोन, फक्त क्रम उलटा आणि उच्चार चिनी वळणाचा. मला क्षणभर लाजल्यासारखं झालं. मान राखण्यासाठी मरणाऱ्या माणसाचा शब्द आपण कुठल्या कुठं नेऊन ठेवला! ऑफ स्टंपच्या बाहेरच्या चेंडूला बॅट लावणाऱ्यासाठी.

मग उद्योगपतींच्या बातमीत 'टायकून' सापडला. मूळ शब्द 'ताइकुन', म्हणजे थोर प्रभू. जपानचा खरा कारभार शोगुनच्या हातात असायचा, आणि परदेशी लोकांशी व्यवहार करताना त्याच्यासाठी हा किताब वापरत. १८५३ साली कमोडोर पेरीची अमेरिकन जहाजं जपानच्या दारात उभी राहिली, त्यानंतरच्या धामधुमीत हा शब्द अमेरिकेत गेला. अब्राहम लिंकनचे चिटणीस आपसात लिंकनला गमतीनं 'टायकून' म्हणायचे. पुढं त्याचा अर्थ बडा भांडवलवाला असा झाला, आणि त्याच अर्थानं तो आपल्या पेपरात आला.

'त्सुनामी' आपल्याला ठाऊक झाली ती २६ डिसेंबर २००४ ला. त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. खोल समुद्रात ही लाट कोळ्यांना जाणवतही नाही, ते परत येतात तेव्हा बंदर उद्ध्वस्त झालेलं असतं, म्हणून बंदराची लाट. भरती-ओहोटीशी तिचा काडीचा संबंध नाही. ती समुद्राच्या तळाशी होणाऱ्या भूकंपानं उठते. आता मात्र 'मतांची त्सुनामी' असते, 'सवलतींची त्सुनामी' असते.

'इमोजी'बद्दल तर मी पैज हरलो. मला वाटायचं इमोशनवरून इमोजी. मुळीच नाही. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजी शब्दाशी सारखेपणा हा निव्वळ योगायोग. 'हायकू' आपल्याकडं शिरीष पै यांनी रुजवला. मूळ जपानी हायकूत पाच, सात, पाच असा ध्वनींचा हिशोब असतो आणि ऋतूची खूण असावी लागते. आपल्याकडं मात्र तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या की झाला हायकू, असा समज पसरला. मीही असे दहाबारा 'हायकू' लिहिलेत, जुन्या वाचकांना आठवत असेल. माफी असावी.

आणि 'कराटे'. ते म्हणजे 'रिकामा हात'. पण गंमत अशी की आधी 'कारा' हे अक्षर चीनच्या तांग घराण्याचं म्हणून लिहीत, म्हणजे 'चिनी हात'. १९३० च्या दशकात जपानी लोकांनी ते बदलून त्याच उच्चाराचं 'रिकामा' हे अक्षर घेतलं. म्हणजे परक्यांनी अर्थ बदलला असं नाही, घरच्यांनीच बदलला.

"रिकामा हात म्हणजे खाली हात," आमचे अण्णा खाटेवरून म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो, पण त्यांना पाहिजे ते नेमकं ऐकू येतं.

भाची म्हणाली, "अण्णाआजोबा, खाली म्हणजे तर डाऊन!"

"ते तुमच्या पुण्यात. आमच्याकडं गाडी खाली येते म्हणजे रिकामी येते."

इथून खरा लेख सुरू होतो. आतापर्यंतचं सगळं प्रास्ताविक होतं असं समजा.

अण्णांचं बरोबर होतं. मराठीत 'खाली' हे दोन शब्द आहेत. एक आपला घरचा, 'खाल'वरून आलेला, म्हणजे वरच्या उलट. दुसरा अरबी, फारसी-उर्दूतून आलेला, म्हणजे रिकामा. पुण्याकडं दुसरा फारसा ऐकू येत नाही. आमच्याकडं दोन्ही सुखानं नांदतात. "खाली खोली खाली हाय का?" असं आमच्याकडचा माणूस विचारतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मी शिकायला पुण्यात गेलो तेव्हा या बोलण्यावरून माझी यथेच्छ टिंगल झाली होती. 'निजामाचा माणूस' म्हणायचे. आणि म्हणणारे दिवसातून वीस वेळा फारसी-अरबी शब्द वापरायचे, ते त्यांच्या गावीही नव्हतं.

भाचीला मी म्हटलं, तुझ्या जपानी शब्दांची जशी वाट चुकली तशी आपल्या घरातल्या शब्दांचीही चुकलीय. आणि एक यादीच करायला बसलो.

'दप्तर' घ्या. मुळात ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत. फारसीत 'दफ्तर' म्हणजे कागदपत्रांची वही. हिंदी-उर्दूत त्याचं ऑफिस झालं. मराठीत पेशवे दप्तरही झालं आणि पोरांची शाळेची पिशवीही झाली. गंमत म्हणजे घशाला येणारा 'डिफ्थेरिया' हाही त्याच कातड्यापासून निघालेला. त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून.

'तालीम' म्हणजे अरबीत शिक्षण. निजामाच्या राज्यात शिक्षण खातं म्हणजे 'तालीमात'. आपल्याकडं तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, नाहीतर नाटकाची रंगीत तालीम. निजामाच्या काळातल्या कागदात एखादा तालीमीला होता असं सापडलं तर तो पहिलवान होता असं समजू नका, मास्तर असायचा.

'हरकत' म्हणजे हालचाल. आपल्याकडं तीच आडवी आली आणि आक्षेप झाली. आता "हरकत नाही" म्हटलं की काम पुढं सरकतं. मूळ अर्थ धरला तर "हालचाल नाही" असं होईल! 'तक्रार' अरबीत म्हणजे पुन्हा पुन्हा तेच ते. उर्दूत त्याचं भांडण झालं, मराठीत गाऱ्हाणं. ज्यांनी सरकारी ऑफिसात तक्रार दिलीय त्यांना मूळ अर्थच जास्त पटेल.

'मजकूर' म्हणजे वर उल्लेख केलेला. जुन्या कागदांत 'मौजे मजकूर' येतं, म्हणजे सदरचं गाव. आता पेपरात जे छापतात ते सगळंच मजकूर. 'शिकस्त' म्हणजे फारसीत मोडणं, हार. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे मोडेपर्यंत प्रयत्न करतो. हरलेल्याचा शब्द आपण झटणाऱ्याला दिला.

हे शब्द मराठीत शिरले त्याला सहाशे-सातशे वर्षं झाली. दौलताबाद पडल्यानंतर बहामनी, निजामशाही, आदिलशाही असं करत राज्यकारभाराची भाषा फारसी झाली. कुलकर्णी-देशपांडे मंडळी मराठीच लिहीत, पण शब्द दरबारचे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास यावर उपाय काढला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती. पण पुढं काय झालं बघा. तोच 'पेशवा' शब्द असा परत आला की त्याच्या नावानं शतक ओळखलं गेलं. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. तिच्यातले दिनांक, क्रमांक, महापौर टिकले. पण तारीख आणि नंबरही गेले नाहीत. उलट माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन, फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढं तेही भाषाशुद्धीच्याच बाजूनं लिहू लागले. म्हणजे ज्याला हे शब्द सगळ्यात जास्त कळत होते त्यालाच ते नकोसे वाटले. असो.

आमच्या मराठवाड्याचं आणखी वेगळं. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फारसी जाऊन कारभारात उर्दू आली. कोर्ट उर्दूत, रेव्हेन्यू उर्दूत, आणि १९१८ साली निघालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. घरी मराठी बोलणारं पोर वरच्या वर्गात गेलं की उर्दूत भूगोल शिकायचं. साल फसली. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी सन येतो, आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. महिने अजूर, दै, बहमन असे. आजही मराठवाड्यात जुन्या नोंदी शोधायच्या तर उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस आधी शोधावा लागतो.

हे सगळं सांगत असताना भाची म्हणाली, "मग आपल्या घरात असा एखादा कागद असेल ना?"

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा भिंतीकडं तोंड करून झोपले.

कागद होता. पत्र्याच्या पेटीत, आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. आम्ही सगळ्यांनी त्याबद्दल ऐकलं होतं, उघडून कोणी बघत नसे. आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचतील त्यांना तो कागद कुठला ते कळेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

आमचं मूळ गाव पूर्णेपासून जवळच, नदीकाठी. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ असे दोघं. नदीकाठी मळईचं रान होतं, गाळाचं, काळंभोर. ते धाकट्या आजोबांकडं गेलं. का गेलं? तर घरात सांगत आले ते असं, की आजोबांवर दडपण आणून त्यांच्याकडून 'राजीनामा' लिहून घेतला. आजोबा १९६१ साली गेले. त्यानंतर आजीनं हे इतक्या वेळा सांगितलं की ते आमच्या घरचं पुराणच झालं. "तुमच्या आजोबानं राजीनामा देल्ला, न् सोन्यासारखं रान गेलं."

अण्णा तरुणपणी तो कागद घेऊन एका कचेरीत गेले होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर तिकडची माणसं इकडं नोकरीवर आली होती. त्यातल्या एका कारकुनाला उर्दू येत नव्हतं. कागदाच्या पाठीवर कोणीतरी मराठीत एका ओळीत 'राजीनामा, भावाभावांचा' असं लिहिलेलं होतं. तेवढं वाचून तो म्हणाला, "राजीनामा म्हणजे हक्क सोडला. आता काही होत नाही." त्याचंही चूक म्हणता येत नाही. मुंबई इलाख्याच्या रेव्हेन्यूत जमीन सोडून देताना जो लेख देत त्याला राजीनामाच म्हणत. तिथूनच नोकरी सोडायचा राजीनामा आपल्या अंगवळणी पडला असावा असं मला वाटतं.

अण्णांनी कागद पेटीत ठेवला आणि दोन घरांचं येणं-जाणं बंद झालं. चार किलोमीटरचं अंतर. लग्नाच्या पत्रिका यायच्या, कोणी जायचं नाही. अण्णांचे चुलत भाऊ, आम्ही त्यांना भाऊकाका म्हणत असू, ते अण्णांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. दोघं एका शाळेत, एका पाटावर जेवलेले. सहा वर्षांपूर्वी भाऊकाका गेले. निरोप आला तेव्हा अण्णा म्हणाले, "माझं गुडघं दुखतंय." तेवढंच.

कागद दुसऱ्याकडून वाचून का घेतला नाही, असं भाचीनं विचारलं. नव्या पोरांना हे सांगणं अवघड जातं. अण्णा पोलीस ॲक्शनच्या वेळी आठ वर्षांचे होते. रझाकारांच्या भीतीनं घर सोडून रात्री उसाच्या फडात बसलेले त्यांना आठवतं. पुढं कधीही ती लिपी दिसली की ते मान फिरवत. शेजारच्या मुसलमान घरांशी त्यांचा चांगला घरोबा, ईदेचा शिरखुर्मा वाटी पुसून खायचे, पण ती लिपी नको. माणसांवरचा राग उतरला, अक्षरांवरचा उतरला नाही.

या वेळी मात्र नातीनं हट्ट धरला. नातीपुढं कोणाचं चालतं? शेवटी अण्णा म्हणाले, "बघा काय बघायचं ते. मला सांगू नका."

आमच्या गल्लीपलीकडं एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांना घरीच बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि हसले. "हे शिकस्ता वळण आहे. मोडकं अक्षर. कचेरीतले लोक घाईघाईत असंच लिहायचे. वाचायला मलाही शिकस्त करावी लागंल." मी आणि भाचीनं एकमेकांकडं पाहिलं. दोनच दिवसांपूर्वी तो शब्द आमच्या यादीत लिहिला होता.

तासभर ते ओळीवर बोट ठेवून बसले. तारीख निघाली बहमन १३५२ फसली, म्हणजे १९४२ चा डिसेंबर. मग त्यांनी विचारलं, "हा राजीनामा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मी म्हटलं, "हो ना. आजोबांनी हक्क सोडला."

"सोडला? कोण म्हणालं?" ते म्हणाले. "राजी म्हणजे राजी. खूश. कबूल. राजीनामा म्हणजे दोघं राजी झाले त्याचा कागद. कोर्टात भांडण चालू असताना आपसात मिटलं की दोघं मिळून राजीनामा दाखल करायचे. उर्दूत आजबी याचा अर्थ तोच आहे. तुम्ही नोकरी सोडता त्याला आम्ही इस्तीफा म्हणतो."

मग त्यांनी कागद वाचून दाखवला. मळईचं रान धाकट्याकडं. त्याच्या बदल्यात विहिरीचं रान, विहिरीचं सगळं पाणी आणि गावातलं माळवद थोरल्याकडं. आईला दोघांनी सहा-सहा महिने सांभाळायचं. खाली एका बाजूला आजोबांची मोडीतली सही, शेजारी धाकट्या आजोबांचा अंगठा.

विहिरीचं रान! तेच विकून अण्णांनी दोन्ही आत्यांची लग्नं केली. त्या माळवदात आम्ही सगळे जन्मलो. ते आमचंच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. बदल्यात मिळालेलं कोणाच्या हिशोबातच नव्हतं, गेलेलं तेवढं मोजत बसलो होतो. आजी खोटं बोलली असं मला वाटत नाही. तिनं शब्द ऐकला होता, आणि तो शब्द मधल्या काळात अर्थ बदलून बसला होता.

रात्री मी सहज मोल्सवर्थचा कोश काढून बसलो. रजेचा अर्ज आपण देतो, ती 'रजा'ही त्याच अरबी धातूची, मूळ अर्थ परवानगी, संमती. राजी, रजा, राजीनामा ही सगळी एका घरची भावंडं. मराठीत एक खूश असतं, एक सुट्टीवर जातं आणि एक सोडून जातं.

अण्णांना सांगू नका म्हटले होते, पण खाट तिथंच होती आणि मी वर म्हटलंच आहे, त्यांना पाहिजे ते ऐकू येतं. सर गेल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला सहा-सहा महिने... हे खरं हाय. माझी आजी सहा महिने तिकडं राहायची. मी तिच्यासंगं जायचो." थोड्या वेळानं म्हणाले, "भाऊ मला मळईतल्या काकड्या द्यायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसलेले. म्हणाले, "ॲटो बोलव."

भाची म्हणाली, "रिक्षा?"

"ॲटो," अण्णा म्हणाले.

आम्ही तिघं गेलो. भाऊकाकांच्या घरी काकू एकट्याच होत्या, मुलगा शेतात गेलेला. अण्णा दारात उभे राहिले आणि त्यांना काही बोलता येईना. वाटेत त्यांनी कागदाची झेरॉक्स खिशातून चारदा काढून बघितली होती, पण तिथं काही ती बाहेर काढली नाही. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, बाज पुढं ओढली आणि म्हणाल्या, "बसा भावजी. चहा ठेवते." साठ वर्षांनी दीर घरी आला होता आणि त्या माउलीनं कामून आलात असं विचारलं नाही.

भिंतीवर भाऊकाकांचा फोटो होता. हार जुना झालेला. अण्णा त्याच्याकडं बघत चहा प्यायले. येताना त्यांनी मळईकडून ॲटो घ्यायला लावला. तिथं आता ऊस उभा आहे. खाली उतरले नाहीत, आतूनच बघितलं.

त्यानंतर दोन्ही घरांचं सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. एवढं झालंय की संक्रांतीला तिकडून तिळगूळ आला आणि इकडून गेला. धाकट्या पिढीचे फोन नंबर एकमेकांकडं आलेत. भाऊकाका मात्र नाहीत. एका शब्दाचा अर्थ वेळेवर विचारला असता तर ते अण्णांच्या हातचा तिळगूळ खाऊन गेले असते.

भाची परत निघाली तेव्हा स्टेशनवर म्हणाली, "मामा, कोणी हाराकिरी चुकीचं वापरलं की मला इतके दिवस हसू यायचं."

"आणि आता?"

"आता वाटतं, विचारून घ्यावं."

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरातही अशी एखादी पेटी असेल. आजी-आजोबांच्या तोंडचा एखादा शब्द असेल, ज्यावरून कोणाशी तरी अबोला चाललाय. तो शब्द त्यांच्या काळात काय म्हणायचा, ते कळणारं कोणी गावात आहे तोवर एकदा विचारून घ्या. कळवलंत तर आमच्या यादीत तोही लिहून ठेवू.